पार्श्वभूमी : बॅटरी संपताना लॅपटॉप लहरी का होतो?

पडद्यावर ३० टक्के दिसत असतात आणि लॅपटॉप खटकन बंद पडतो. चार्जर लावून चालू केला, तर आकडा थेट ४ वर. कुणाचा लॅपटॉप ५ टक्क्यांवर हायबरनेट होणं (उघडं काम डिस्कवर साठवून बंद होणं) अपेक्षित असतं, तो होत नाही आणि अर्धवट लिहिलेलं सगळं जातं. दुरुस्तीवाला म्हणतो, बॅटरी बदला. बरेचदा ते बरोबरही असतं. पण चार्ज संपत आल्यावर निर्णय घ्यायचा कुणी, या प्रश्नाची टोलवाटोलवी गेली तीसेक वर्षं चालू आहे, आणि निम्मे घोळ तिथून येतात.

१९८० च्या दशकातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असत. त्यांचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून 'किती उरलं' हे कळणं कठीण. लाल दिवा लागला की फाइल सेव्ह करायची, एवढीच काय ती व्यवस्था. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम हे वीज-व्यवस्थापनाचं मानक आणलं आणि वीज वाचवण्याचा कारभार बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमकडे, गेला. पण कोणती फाइल उघडी आहे, डिस्कवर काय लिहिणं चाललंय, याचा बायोसला पत्ताच नसे.

याच सुमारास बॅटरी बदलली. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली. हा सेल फार खाली उतरवला तर कायमचा बिघडतो. म्हणून बॅटरीच्या पॅकमध्येच एक संरक्षक सर्किट असतं. सेलचं व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली, ढोबळमानानं ३ ते २.५ व्होल्टच्या दरम्यान, गेलं की ते पुरवठा तोडतं. ना विंडोजला विचारत, ना बायोसला.

मग ड्युरासेल आणि इंटेलनं १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'स्मार्ट बॅटरी'चं मानक मांडलं. पॅकमधली चिप किती करंट आत आला आणि किती बाहेर गेला याची जमाखर्चाची वही ठेवते आणि टक्के कळवते. गोम इथेच आहे. आपण बघतो तो आकडा थेट मोजलेला नसतो, हिशेबातून काढलेला असतो. त्यात बारीक चुका साठत जातात, आणि त्या नीट दुरुस्त व्हायला बॅटरी पूर्ण भरावी लागते आणि तळाजवळ उतरावीही लागते. बारा महिने चार्जरला जोडलेला लॅपटॉप तळ कधी बघतच नाही. त्यात सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढतो. व्हिडिओ कॉल सुरू झाला, प्रोसेसरनं जोर लावला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि सर्किट पुरवठा तोडतं. चिपच्या हिशेबात तेव्हाही ३० टक्केच असतात! भार गेला की व्होल्टेज पुन्हा थोडं वर येतं, म्हणून काही वेळानं तोच लॅपटॉप पाच मिनिटं चालतोसुद्धा.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं एपीएमच्या जागी एसीपीआय हे मानक आणलं आणि निर्णय बायोसकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. विंडोज २००० पासून हायबरनेट करणं हे विंडोजचंच काम झालं. फर्मवेअरनं (बायोससारख्या यंत्रातल्याच प्रोग्रॅमनं) फक्त यंत्राची माहिती देणारे तक्ते पुरवायचे. पण अनेक कंपन्या हे तक्ते विंडोजवर चालले की झालं, एवढंच बघत. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी त्यापायी वर्षानुवर्षं डोकं खाजवलंय. अनेक लिनक्स डेस्कटॉपवर आज शेवटचा निर्णय यूपॉवर हा बॅटरीवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम घेतो. हायब्रिड स्लीप (काम डिस्कवर साठवून मग झोपणं) जमत नसेल तर हायबरनेट, तेही जमत नसेल तर सरळ पॉवर ऑफ. स्वॅपची, म्हणजे मेमरीतला मजकूर उतरवून ठेवायची डिस्कवरची, जागा अपुरी असेल तर हायबरनेटची वाट तिथेच बंद होते. आणि हे सगळं ठरावीक टक्क्यांवर सुरू होतं. आकडा ३० वरून एकदम शून्यावर पडला, तर ५ टक्क्यांचा क्षण येतच नाही.

विंडोज ७ 'बॅटरी बदलण्याचा विचार करा' असं सांगू लागलं तेव्हा, २०१० च्या सुरुवातीला, अनेकांनी विंडोजच बॅटऱ्या मारतंय असा आरोप केला. मायक्रोसॉफ्टनं तपासून सांगितलं की त्या बॅटऱ्या खरोखरच थकल्या होत्या, विंडोज फक्त ते आता बोलून दाखवत होतं. माझ्या मते ते खरं होतं, पण लोकांचा राग समजण्यासारखा होता. काल चालणारी वस्तू आज निकामी म्हटली तर कोण ऐकून घेईल?

विंडोज ८ नंतर झोपेची पद्धतही बदलली. अनेक नव्या लॅपटॉपमधून जुना एस३ स्लीप (मेमरी सोडून जवळजवळ सगळं बंद करणारी झोप) गेला आणि झाकण मिटल्यावरही अर्धवट जागं राहणारा मॉडर्न स्टँडबाय आला. बॅगेतून गरम आणि रिकामा निघणारा लॅपटॉप ही त्याची देणगी.

म्हणून तपासताना आधी विंडोजमधल्या पॉवरसीएफजी (powercfg) या कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढावा. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० मिलीवॅट-अवर आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची क्षमता) २२,००० असेल, तर वाद संपला, सेल गेला. दोन्ही आकडे जवळपास असून टक्के उड्या मारत असतील, तर बॅटरी एकदा पूर्ण भरून, हायबरनेट होईपर्यंत उतरवून, पुन्हा न थांबता भरावी. बॅटरी संपल्यावर तारीखही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल बघावा. तो सेलच नसलेले लॅपटॉपही असतात. तिथे मुख्य बॅटरी पूर्ण रिकामी झाली की घड्याळ चुकणारच.