हाउस बॅटरी बदलायची? आधी वायरिंग बघू
कॅम्परव्हॅन आणि कॅराव्हॅन मालकांसाठी माहितीपत्रक

हाउस बॅटरी म्हणजे गाडीतल्या फ्रिज, पंखा, दिव्यांना वीज देणारी मागची बॅटरी. ‘बॅटरी गेली, नवी टाका’ म्हणत गाडी आमच्याकडे येते, तेव्हा आम्ही लगेच पाना हातात घेत नाही. आधी केबलमधला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावतो. बॅटरी गेलेली असते हे खरंच, पण ती का गेली याचं कारण बरेचदा तिच्यापर्यंत आलेल्या केबलमध्ये, केबलच्या टोकाच्या धातूच्या लगमध्ये नाहीतर चार्जरमध्ये सापडतं. ते तसंच ठेवून नवी बसवली, तर तीही लवकरच जाते. लिथियमची असेल तर हा फटका चांगलाच मोठा असतो.

काही जण पैसे वाचवायला इंजिनाचीच साधी बॅटरी मागे टाकतात. ती सेल्फ मारण्यापुरती बनवलेली असते: क्षणभर भरपूर करंट द्यायचा आणि इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटरने लगेच भरून घ्यायचं. फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप रात्रभर ओढण्याचं काम तिचं नाही. त्यासाठी ट्यूब्युलर, जेल (या दोन्ही लेड अ‍ॅसिडच्याच) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट हवी.

किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) घ्यावी?

स्टिकरवरचा आकडा आणि हाती येणारी वीज यांत फरक असतो. लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे 150 एएचच्या ट्यूब्युलरमधून 75 एएच धरा. 100 एएचची लिथियम 80 ते 90 एएच आरामात देते, वजन 11 ते 13 किलो. भरलेली ट्यूब्युलर पन्नास किलोच्या पुढे जाते, उंच असते, आणि आंबेनळीसारख्या घाटात नीट आवळलेली नसेल तर कलंडते. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. झोपायच्या बाकाखाली बंद पेटीत ट्यूब्युलर बसवायला आम्ही साफ नकार देतो. बाहेर हवा जाणारी वेगळी पेटी असेल तरच बसवतो.

हिशेब सोपा आहे. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना सुमारे 4 अँपिअर घेतो. दिवसातला निम्मा वेळ चालला तरी 48 एएच झाले. त्यात पंखा, दिवे, मोबाइल धरा. इंडक्शन शेगडी चालवायची असेल तर ते आधीच सांगा, कारण मग सगळं गणितच बदलतं.

लिथियम टाकली म्हणजे काम संपलं, असं नाही

चार्जर, सोलरचा एमपीपीटी (पॅनलमधून बॅटरी भरणारा कंट्रोलर) आणि अल्टरनेटरची जोडणी, तिन्ही नव्या बॅटरीशी जुळवावी लागतात. लिथियमला चार्जिंगचा व्होल्टेज साधारण 14.2 ते 14.4 लागतो, नेमका आकडा कंपनीच्या कागदावर बघायचा. लेड अ‍ॅसिडसाठी ठेवलेलं ‘इक्वलायझेशन’ (मधूनमधून जास्त व्होल्टेजवर चार्ज करणं) बंद करायलाच हवं, नाहीतर व्होल्टेज 15 च्या पुढे जातो आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, तिची जोडणी तोडतं. लोक मग म्हणतात, नवी बॅटरी मधेच बंद पडते. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते. वापरता येते, चार्ज करता येत नाही. लो टेम्परेचर कट-ऑफ (थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी सोय) असलेलीच घ्या, किंवा बॅटरी केबिनच्या आत बसवा.

अल्टरनेटरचं म्हणाल तर जुन्या गाड्यांत एक रिले लावून दोन्ही बॅटऱ्या थेट जोडल्या जात. लिथियमसाठी ते नको. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. स्मार्ट, म्हणजे संगणकाने नियंत्रित अल्टरनेटर असलेल्या गाडीत तर व्होल्टेज सारखा खालीवर होतो आणि मागची बॅटरी अर्धवटच भरते. मध्ये डीसी-डीसी चार्जर (मागच्या बॅटरीला ठरावीक करंट आणि व्होल्टेज देणारा) लावला की दोन्ही प्रश्न सुटतात. बहुतेक व्हॅन 12 व्होल्टच्या असतात, ट्रक-बसच्या चेसिसवरच्या गाड्या 24 च्या. चार्जर मागवण्याआधी हे बघितलंच पाहिजे.

दोन बॅटऱ्या पॅरलल

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं. इथवर बरोबर. मग इन्व्हर्टरच्या दोन्ही केबल सोयीच्या म्हणून पहिल्याच बॅटरीवर लावल्या. दिवे लागतात, फ्रिज चालतो, कुणाला काही कळत नाही. पण दुसऱ्या बॅटरीचा करंट मधल्या जोड केबलमधून येतो, तिथे थोडा रेझिस्टन्स वाढतो, आणि पहिली बॅटरी कायम जास्त राबते. चार्जिंगही तिलाच जास्त मिळतं. चार बॅटऱ्यांच्या रांगेत पहिली आणि चौथी यांच्या करंटमध्ये दुपटीचा फरक पडू शकतो. पहिली लवकर मरते आणि मेली की बाकीच्यांना खाली ओढते.

उपाय जवळजवळ फुकट आहे: प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्या, मायनस दुसरीवरून. तिरपी जोडणी. तीन किंवा चार असतील तर प्रत्येकीची सारख्या लांबीची केबल बसबारवर (सगळ्या केबल जोडायच्या धातूच्या पट्टीवर) आणायची, प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज. जोडण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी पूर्ण भरून घ्यायची. जुनी आणि नवी, किंवा दोन वेगळ्या जातीच्या एकत्र जोडायच्या नाहीत. ‘एक अजून चांगली आहे हो’ म्हणून ग्राहक हट्ट धरतात, तरी आम्ही ऐकत नाही.

केबल, लग आणि तो वॉशर

1000 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर 12 व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास 100 अँपिअर ओढतो. इन्व्हर्टर बॅटरीपासून 3 मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन 6 मीटर तांबं झालं. 10 स्क्वेअर एमएमच्या केबलवर तिथेच एक व्होल्टहून जास्त जातो आणि केबल धोकादायक तापते. 35 ची घेतली तर साधारण 0.3 व्होल्ट. शक्यतो इन्व्हर्टरच जवळ आणा, केबलचे पैसेही वाचतात. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जंपर केबलमध्ये बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ती इथे चालत नाही.

लग हातोडीने चेपलेला नको, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला हवा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). आणि वॉशर. टर्मिनलवर आधी लग बसला पाहिजे, त्यावर वॉशर, मग नट. बरेच जण वॉशर खाली, लग वर असं लावतात. स्टीलचा तो पातळ तुकडा मग सगळ्या करंटच्या वाटेत येतो, कारण स्टील तांब्याच्या मानाने फारच कमी वीज वाहून नेतं. लोड आला की जोड तापतो आणि बॅटरीच्या डोक्याचं प्लॅस्टिक मऊ पडतं. एका बोल्टवर दोन-तीन लग असतील तर सगळ्यात जास्त करंटचा लग तळाशी. काम झाल्यावर इन्व्हर्टर दहा मिनिटं भरपूर लोडवर चालवून थर्मामीटर गनने प्रत्येक जोड तपासा. एकच जोड इतरांपेक्षा गरम लागला, तर दोष तिथेच आहे. तारकर्ली, गुहागरला वरचेवर जाणाऱ्या गाड्यांचे जोड खाऱ्या हवेने लवकर गंजतात. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून एक वीत अंतरात हवा, कारण फ्यूज इन्व्हर्टरला नाही, केबलला वाचवतो. लांब नेऊन लावला तर मधली केबल उघडीच राहिली. 35 ची केबल आणि 1000 वॉटचा इन्व्हर्टर असेल तर 125 किंवा 150 अँपिअर. मोठ्या लिथियमसाठी क्लास टी जातीचा फ्यूज, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम हजारो अँपिअर देऊ शकते. घरच्या एसी बोर्डावरचा एमसीबी डीसीला वापरू नका. आतली ठिणगी विझतेच असं नाही. बॅटरी मॉनिटर असेल तर त्याच्या शंटच्या (मायनसच्या वाटेत बसवलेला करंट मोजणारा तुकडा) अलीकडे, थेट बॅटरीच्या मायनसवर एकही वायर ठेवायची नाही. ठेवली तर टक्केवारी खोटी दाखवते.

स्वतः काढणार असाल तर

अंगठी, घड्याळ, कडं काढा. सगळे लोड आणि बाहेरून घेतलेली वीज बंद. सोलर पॅनलची वायर बॅटरीच्या आधी सोडवा, नाहीतर एमपीपीटी खराब होऊ शकतो. मग मायनस आधी काढा, प्लस नंतर. बसवताना प्लस आधी, मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तरी मायनस आधीच तुटलेला असल्याने काही होत नाही. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. काही सोडवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत संकलनाकडे जायला हवी. लेड अ‍ॅसिड आम्ही बदल्यात घेतो आणि तिची किंमत बिलातून वजा करतो. फुगलेली लिथियम असेल तर गाडीत घालून आणू नका, आधी फोन करा.

गाडी आणण्यापूर्वी बॅटरीच्या पेटीचे फोटो, इन्व्हर्टर-चार्जरच्या लेबलचा फोटो, आणि रात्रभर काय काय चालवता याची यादी पाठवा. केबल आणि फ्यूज त्यावरून आधीच मागवून ठेवता येतात.