टर्बो गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलीय? मग रॉड बेअरिंगचं एवढं वाचून घ्या

आपल्या गॅरेजला येणाऱ्या गाड्यांत 1.3 मल्टीजेट डिझेलवाल्या भरपूर. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया, बॉनेटवर नाव कुठलंही असो, आत फियाटचं तेच 1248 सीसीचं टर्बो इंजिन, आणि फियाट-टाटाच्या गाड्यांसाठी तर ते आपल्या रांजणगावलाच बनायचं. 2020 मध्ये बीएस 6 चे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं, त्यामुळे आता रस्त्यावर आहेत त्या सगळ्या चाललेल्या गाड्या, बऱ्याचशा दोन-तीन हात बदललेल्या. इंजिन दणकट आहे यात वादच नाही, पण त्याची काळजी घेतली नाही तर एक दिवस खालून ठक ठक सुरू होते आणि मग खर्चाचा आकडा ऐकून माणूस गाडी विकायचाच विचार करतो. तो दिवस येऊ नये म्हणून हे पत्रक. खाली लिहिलंय ते बाकीच्या टर्बो गाड्यांनाही, डिझेल असो की पेट्रोल, बहुतेक तसंच लागू आहे.

आधी हे बेअरिंग असतं कुठे ते बघू. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, जिथे पकडतो तिथे दोन अर्धगोल पातळ पट्ट्या असतात, आपण त्याला बिग एंडचे शेल म्हणतो. यात गोळ्या नसतात, रोलर नसतात. शेल आणि क्रँक यांच्यामध्ये फट असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची, साधारण तीन ते सहा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक, आणि त्या फटीत प्रेशरने आलेल्या ऑईलवर क्रँक अक्षरशः तरंगत फिरतो. ऑईलचा थर आहे तोपर्यंत लोखंडाला लोखंड लागत नाही आणि शेल लाखो किलोमीटर जातात. थर तुटला की वरचा मऊ मुलामा निघतो, मग खालचा तांब्यासारखा थर दिसायला लागतो, फट वाढते, फट वाढली की प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की थर अजून तुटतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आणि ऑईलच्या रांगेत हे शेल मागे उभे असतात. पंपातून ऑईल आधी फिल्टरला, मग क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगला, तिथून क्रँकमधल्या भोकांतून बिग एंडला. त्यामुळे ऑईल कमी पडलं की पहिला फटका बहुतेक वेळा इथेच बसतो. डॅशबोर्डवरची लाल ऑईल लाईट तुम्हाला वाचवेल असं समजू नका. बहुतेक गाड्यांत तो स्विच प्रेशर अर्ध्या बारच्याही आसपास उतरल्यावर पेटतो, गरम इंजिन 2000 आरपीएमला असताना तेवढं प्रेशर म्हणजे जवळजवळ काहीच नाही. लाईट चालू गाडीत लागली तर बाजूला घ्या आणि बंद करा, घर दोन किलोमीटरवर असलं तरी.

आता टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याचा संबंध. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि तोही त्याच ऑईलवर. टर्बो जुना झाला की ऑईल इनटेकमध्ये सोडायला लागतो आणि ते इंजिनात जळून जातं. खाली एक थेंब पडत नाही, म्हणून मालक म्हणतो गाडी ऑईल खात नाही. या इंजिनात ऑईल मावतं तीन लिटरच्या आसपास, आणि डिपस्टिक म्हणजे ऑईल मोजायच्या काडीवरच्या मिनिमम-मॅक्झिमममधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराचं. म्हणजे काडी मिनिममला आली तेव्हा तिसरा हिस्सा आधीच गेलेला असतो, उरलेलं दोन लिटर जास्त तापतं, लवकर काळं होतं, आणि घाटातल्या वळणावर नाहीतर चढाला ते इंजिनाखालच्या ऑईल चेंबरमध्ये एका बाजूला सरकलं की पंपाच्या तोंडाची जाळी, म्हणजे स्ट्रेनर, हवा ओढतो. तेवढे चार सेकंद शेलला पुरतात.

म्हणून महिन्यातून दोनदा काडी बघा. सपाट जागा, गाडी बंद करून दहा मिनिटं, काडी पुसून परत घालून मग बघायची. लांब जायच्या आधी तर बघाच. पातळी वर चढलेली दिसली तर खूष होऊ नका, डीपीएफवाल्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या, बीएस 6 डिझेलमध्ये रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की त्या फिल्टरमधली काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं. काडीचा वास घ्या, डिझेलचा वास आला तर ऑईल बदलायचं, किलोमीटर झाले असोत नसोत. आणि ऑईल दुधाळ दिसलं तर गाडी चालूच करू नका, कुलंट आत गेलंय.

ऑईल कुठलं घालायचं यावर आमच्याकडे रोज वाद होतो. जुनी गाडी झाली की 20डब्ल्यू50 टाका, आवाज बसतो, असं सांगणारे मिस्त्री अजून आहेत. आवाज बसतो खरं, पण या इंजिनाच्या बारीक वाटांमधून ते जाड ऑईल थंडीत सकाळी वेळेवर पोचत नाही, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरसुद्धा ऑईल प्रेशरवरच चालतो. मॅन्युअलमध्ये असेल ते, या इंजिनाला साधारण 5डब्ल्यू30 किंवा 5डब्ल्यू40, फुल सिंथेटिक. दीड लाखाच्या पुढे आम्ही मॅन्युअलने परवानगी दिली असेल तर 5डब्ल्यू40 कडे जातो. कंपनीने 10,000 लिहिलं असलं तरी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या जुन्या टर्बोला 7,000 किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. फिल्टर दर वेळी नवा, ओरिजिनल, त्यात शंभर-दीडशे वाचवण्यात काही अर्थ नाही. बाटलीतले अॅडिटिव्ह आम्ही टाकत नाही. इंजिन आतून धुणारं फ्लशही जुन्या इंजिनात टाळतो, कारण वर्षानुवर्षं चिकटलेला चिखल एकदम सुटला की स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतो आणि मग ज्या बेअरिंगसाठी फ्लश केलं त्यालाच ऑईल मिळत नाही.

चालवण्याबद्दल थोडं, कारण निम्मा खेळ तिथे आहे. पाचव्या गिअरमध्ये 40 च्या स्पीडला खंबाटकी चढायचा, गाडी कुथतेय आणि आपण अॅक्सिलरेटर दाबतोय, हे शेलसाठी सगळ्यात वाईट. टर्बो खालच्या आरपीएमलाच जोर देतो, सिलिंडरमधला पूर्ण दाब रॉडवर येतो, आणि क्रँक हळू फिरत असल्याने ऑईलचा थर तेव्हाच सगळ्यात पातळ. अॅव्हरेजसाठी लोक असं करतात, पण एक गिअर पाडा, 2000 च्या वर ठेवा, डिझेलच्या खर्चात फार फरक पडत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला तर खालच्या आरपीएमला फुल दाबलं की पेट्रोल वेळेआधी पेटायचा धोका असतो, त्यासाठीच 2018 मध्ये एपीआय एसएन प्लस आणि 2020 मध्ये एसपी ग्रेडची ऑईल आली, डब्यावर एसपी बघून घ्या. ट्यूनिंग बॉक्स लावून पिकअप वाढवलाय त्यांनी हे दोनदा वाचा. सकाळी चालू केल्याबरोबर रेस करू नका. घाट चढून आल्यावर किंवा एक्सप्रेसवेवरून फूड मॉलला थांबल्यावर मिनिटभर गाडी चालू राहू द्या, नाहीतर टर्बोत ऑईल जळून कोळसा होतो आणि तेच कण पुढे ऑईलमध्ये फिरतात.

पाण्यात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून चालू करायची नाही, कधीच नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर गाडी चालतेही, पण शेल एका कडेने झिजत राहतो आणि काही महिन्यांनी आवाज येतो, तोपर्यंत पावसाची आठवणही राहिलेली नसते. सांगली-कोल्हापूरकडची 2019 किंवा 2021 च्या पुराआधीची सेकंड हँड गाडी घेताना हे जरूर तपासून घ्या, स्वस्त मिळतेय म्हणून उडी नको.

आवाज ओळखायचा कसा? डिझेल मुळातच खडखडते, त्यामुळे अवघड आहे. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचा आवाज वरून, बारीक टिक टिक. बिग एंडचा खालून, जड, ठक ठक, इंजिन गरम झाल्यावर जास्त, आणि 2000-2500 ला अॅक्सिलरेटर सोडताना स्पष्ट. अमेरिकेत 2015 मध्ये ह्युंदाईने सोनाटा गाड्या याच बेअरिंगसाठी परत बोलावल्या होत्या, 2.0 टर्बो त्यात होतीच, क्रँकच्या मशीनिंगमधली धातूची कीस ऑईलच्या वाटेत राहिली होती. नंतर कंपनीने काय केलं, तर इंजिनातली ठोक पकडणाऱ्या नॉक सेन्सरलाच बेअरिंगची थरथर ऐकायला शिकवणारं सॉफ्टवेअर टाकलं. म्हणजे इंजिन फुटायच्या आधी सांगतं, ऐकणारा पाहिजे. असा आवाज आला की गाडी टोइंग करून आणा. चालवत आणली तर शेल आपल्या जागेवरून फिरतो, क्रँकला चरे पडतात आणि मग क्रँकचं ग्राइंडिंग, घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारे अंडरसाइझ शेल, कधी क्रँकच नवा. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर बोलायलाच नको.

आम्ही काय करतो तेही सांगतो. सर्व्हिसला जुना फिल्टर कापून त्यातली जाळी बघतो. चमकी चुंबकाला चिकटली तर लोखंड, नाही चिकटली आणि करडी किंवा तांबूस असली तर शेलचा संशय. मग गेज लावून गरम इंजिनावर प्रेशर मोजतो, ढोबळ हिशोब दर हजार आरपीएमला दहा पीएसआय. दोन लाखाच्या आसपास गाडी असेल आणि पुढे चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर आमचं मत, चेंबर खोलून स्ट्रेनर साफ करा आणि शेल बघून घ्या. बहुतेक गाड्यांत इंजिन उतरवावं लागत नाही. शेल बदलायचेच झाले तर रॉडचे बोल्ट नवे, कॅप ज्या रॉडची त्यालाच आणि त्याच दिशेने, फट प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून चपटा होणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक दोऱ्याने, मोजून. कोणी जुने बोल्ट परत आवळून देतो म्हणाला तर तिथून गाडी परत आणा.

तपासणीला गाडी आदल्या रात्री सोडून जा, सकाळी थंड इंजिन आम्हीच चालू करून ऐकतो. बरोबर मागच्या ऑईल चेंजची बिलं आणा. सेकंड हँड घेतलीय आणि बिलं नाहीत तर ऑईल-फिल्टर आधी बदलू, हजार किलोमीटर चालवून परत या, मग फिल्टर कापू.