पाळकाच्या रजिस्टरातला वर आणि वधू

समलिंगी विवाह कायदेशीर झाला तर ती लग्नं चर्चमध्ये लावावी लागतील का? सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळींत या विषयावर पहिली धास्ती हीच असते. ती उगाच नाही. ख्रिस्ती लग्नात पाळक उपासनाही चालवतो आणि सरकारी नोंदही करतो. भटजीला रजिस्टर सांभाळावं लागत नाही.

ही सांगड 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने घातली. आधी पाळकाकडे लेखी सूचना द्यायची: नाव, धंदा, पत्ता, तिथे किती काळ राहता. ती चर्चमध्ये लावली जाते, हरकत नसेल तर दाखला मिळतो. दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर दाखला बाद, सूचना पुन्हा पहिल्यापासून. वेळ साधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7, पाळकाखेरीज दोन साक्षीदार. सूचनेशिवाय लग्नाची वाटही आहे. तिच्या अटी कलम 60 मध्ये. तिथे मूळची वयं पुरुषाला 16 आणि स्त्रीला 13 होती, आता 21 आणि 18 आहेत. आकडे बदलले, ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ तसेच राहिले.

विधीची बाजू त्याहून जुनी. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत उतरलं, 1831 मध्ये अहमदनगरला आणि 1860 च्या दशकात सोलापूरला पोचलं. मिशनच्या मंडळ्या पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. गंमत अशी, की ज्या काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट परंपरेने हे मिशनरी धाडले तिचा अमेरिकेतला वारस, युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट, याने जुलै 2005 मध्ये अटलांटाच्या महासभेत समलिंगी विवाहाच्या हक्काला पाठिंबा दिला. तिची इथली लेक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मात्र विवाह पुरुष आणि स्त्रीचा असं सांगणाऱ्या बायबलमधल्या उत्पत्ती 2:24 आणि मत्तय 19 या वचनांवरच उभी आहे. तेव्हा ‘हे पाश्चात्त्य खूळ’ म्हणताना जरा जपून. आपली उपासनाही त्याच बोटीने आली.

कॅथलिक बाजूला 18 डिसेंबर 2023 च्या व्हॅटिकनच्या घोषणेने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण लग्नाचा विधी, पोशाख, नोंदणीचा सोहळा यांतलं काही जवळपास नको, या अटीवर. पुढच्याच महिन्यातल्या खुलाशात अशा आशीर्वादाला 10 ते 15 सेकंदांचं माप आलं. विवाहाची व्याख्या जिथल्या तिथे.

कोर्टातला वाद तर चर्चच्या दारापर्यंत आलाच नाही. दंड संहितेच्या कलम 377 खाली प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयात 6 सप्टेंबर 2018 रोजी ठरलं. एप्रिल 2023 मध्ये विवाहाची सुनावणी सुरू होतानाच घटनापीठाने व्यक्तिगत कायदे, म्हणजे धर्मागणिक वेगळे विवाह कायदे, बाजूला ठेवले. उरला 1954 चा विशेष विवाह कायदा, ज्यात 30 दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे लागते, पाळकाकडे नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. जोडप्याने मिळून मूल दत्तक घेण्याचा हक्कही 3 विरुद्ध 2 मतांनी नाकारला गेला. पुनर्विचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या.

उद्या संसदेने विशेष विवाह कायदा बदललाच तर फरक विवाह अधिकाऱ्याच्या टेबलावर पडेल. 1872 च्या रजिस्टराला त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागेल. दरम्यान ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं आणि नॉमिनी ठेवायला आडकाठी नसल्याचं स्पष्ट केलं. त्याला ना पाळकाची सही लागते, ना साक्षीदार.