कुक्कुटखाद्यातील पूरके आणि अंडी-मांस व्यापार

मका आणि सोयापेंड हा कोंबडीखाद्याचा मुख्य भाग. त्यात टनामागे काही ग्रॅमपासून काही किलोपर्यंत मिसळली जाणारी जीवनसत्त्वे, मेथिओनीन व लायसिन ही अमिनो आम्ले, विकरे (एन्झाइम), रक्ती हगवण रोखणारी औषधे ही पूरके. बलक गडद करणारा झेंडूचा अर्कही त्यातलाच. तेव्हा ठाण्याच्या बाजारात केवळ केशरी बलक पाहून अंडे गावठी समजण्यात अर्थ नाही.

खरा वाद प्रतिजैविकांचा (अँटिबायोटिक्सचा). रोज थोडी पोटात गेली की पक्षी लवकर वजन धरतो, पण औषधाला न जुमानणारे जीवाणूही पोसले जातात. वजनवाढीसाठीचा हा वापर स्वीडनने १९८६ मध्ये थांबवला, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. माणसांसाठी अखेरचा उपाय मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुपक्ष्यांतील वापरावर भारताने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. त्याला दाद न देण्याची क्षमता देणारे, जीवाणूंत पसरणारे जनुक २०१५ मध्येच चीनमध्ये सापडले होते, म्हणजे उशीरच झाला. शिवाय औषध पाण्यातूनही देता येते, त्यामुळे नुसती खाद्याची गोणी तपासून भागत नाही. अंड्यात आणि मांसात उरलेला अंश तपासावा लागतो.

नवी मुंबईलगतच्या न्हावा शेवा बंदराचा या व्यवहाराशी थेट संबंध आला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. सोयापेंडीचे भाव कडाडल्यावर केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली आणि सुरुवातीला दोनच वाटा मोकळ्या ठेवल्या : न्हावा शेवा आणि पश्चिम बंगालमधले पेट्रापोल. पेंड उगवत नाही, म्हणजे तिच्यातून जनुकीय बदल केलेले पीक पसरत नाही, हा त्यामागचा आधार.

व्यापार रोगानेही अडतो. बर्ड फ्लूचे कारण देऊन भारताने २००७ मध्ये अमेरिकी कोंबडीमांस रोखले. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २०१५ मध्ये निकाल भारताच्या विरोधात दिला. रोग नसलेल्या भागातला माल सरसकट अडवता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळून हजारो पक्षी मारावे लागले. अशा वेळी आखाती देशांनी तमिळनाडूतील नामक्कल या अंडी निर्यात करणाऱ्या केंद्राची अंडी अडवू नयेत, हे भारताला त्याच तत्त्वावर मांडता येते.

देशांतर्गत विक्रीसाठी प्रतिजैविकांची बंदी यादी १ एप्रिल २०२५ पासून वाढली आहे.