भार खांद्यावर की बरगड्यांवर?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर दोन सल्ले हमखास येऊन पडतात. खिशात कांदा ठेवा, लू लागणार नाही, हा पहिला. दुसरा खास बायकांच्या गटांवर फिरतो: उन्हात काळी ब्रा घालू नका, कर्करोग होतो. खाली कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयाचं नाव चिकटवलेलं असतं आणि "प्रत्येक आईनं आपल्या मुलीला सांगा" अशी विनंतीही.

कांद्याचं पुन्हा कधीतरी. काळ्या ब्राचं मात्र दोन मिनिटांत आटोपतं. उन्हातली अतिनील किरणं कातडीतच अडतात, आत दुधाच्या ग्रंथींपर्यंत ती पोचत नाहीत. त्यातून ब्रा असते कुर्त्याच्या आत, आणि काळं कापड किरणं आत सोडण्याऐवजी शोषून घेतं. ब्रा आणि कर्करोग यांचं नातं संशोधकांनी रीतसर तपासलंही आहे. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रानं २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळी थांबलेल्या सुमारे १५०० स्त्रिया होत्या. कितव्या वर्षी ब्रा घालू लागलात, दिवसाचे किती तास घालता, कप केवढा, तारेची होती का, सगळं विचारलं. स्तनांच्या कर्करोगाशी यातल्या कशाचाच संबंध दिसला नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला चीड येते ती दुसऱ्याच कारणानं. "प्रत्येक आईनं मुलीला सांगा" म्हणून जे पाठवलं जातं, त्यात मुलीला खरोखर लागणारी एक ओळही नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी खांदे पुढे घेऊन चालू लागते, मे महिन्यातही टी-शर्टवर जॅकेट चढवते, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणते. त्या वेळी तिला नेमकी कोणती ब्रा द्यायची, ती अंगावर बरोबर बसली हे कसं ओळखायचं आणि चुकीची असली तर ती का काचते, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि यातला बहुतेक भाग अकरावीच्या भौतिकशास्त्राचा आहे.

आधी थोडं शरीराबद्दल. स्तनांत स्नायू नसतो. ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे संयोजी ऊतींचे पातळ पदर, एवढाच ऐवज. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदानं १८४० साली या पदरांचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्यांना आजही कूपरचे अस्थिबंध म्हणतात. छातीचा मोठा स्नायू असतो तो याच्या मागे. त्यामुळे व्यायामानं स्नायू बळकट होतो, पण स्तनांचं वजन तोलायला आतून फारशी मदत मिळत नाही. हे वजन कातडी आणि ते पदर यांनाच पेलावं लागतं. (ब्रा घातली की स्तन ओघळत नाहीत, हा जाहिरातीतला दावा मात्र सोडून द्या. वय, बाळंतपणं, वजनातले चढउतार आणि धूम्रपान यांचा तिथे मोठा वाटा असतो. ब्रा हवी ती आजच्या आरामासाठी.)

वाढ साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान सुरू होते, त्यानंतर दोनेक वर्षांनी पाळी येते आणि पूर्ण वाढ व्हायला आणखी काही वर्षं जातात. या काळात एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं, कळ येणं, पाळीच्या आधी जडपणा वाटणं हे सगळं नेहमीचं. न जाणारी गाठ, लाली, एकाच जागी टिकून राहिलेलं दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. फळ्यावरचं थोडं गणित आहे, पण सोबत राहा.

समजा, एका बाजूचं वजन ३०० ग्रॅम आहे. दोन्ही मिळून ६०० ग्रॅम, म्हणजे साधारण ६ न्यूटन बल. ते पेलायला ब्राकडे दोनच साधनं: खांद्यावरचे दोन पट्टे आणि छातीखालून पाठीपर्यंत जाणारी आडवी पट्टी. बहुतेकींना वाटतं की काम पट्टे करतात, पट्टी फक्त हुक लावायला असते. म्हणून ब्रा सैल वाटली की आपण पट्टे आवळतो.

पट्टे आवळले की काय होतं ते बघा. पट्टा पुढच्या कपापासून निघतो, खांद्यावरून जातो आणि मागच्या पट्टीला जोडलेला असतो. विहिरीच्या चाकावरून गेलेल्या दोरासारखीच ही रचना आहे. दोर पुढे बादलीला जेवढ्या बलानं वर ओढतो, तेवढ्याच बलानं मागच्या टोकालाही ओढतो, आणि चाकाच्या आसावर दोन्हींची बेरीज येते. खांद्यावरचं घर्षण सोडून देऊ. पट्ट्यांनी पुढचं ६ न्यूटन वजन उचललं, तर मागची पट्टीही ६ न्यूटननं वर खेचली जाते आणि दोन खांद्यांवर मिळून १२ न्यूटन पडतात. म्हणजे वजनाच्या दुप्पट. मागची पट्टी सैल असेल तर ती ओढीबरोबर पाठीवर वर सरकते. ती वर गेली की पुढचा भाग खाली येतो. मग आपण पट्टे आणखी आवळतो, आणि पाठीमागची पट्टी आणखी वर चढते.

पट्टी अंगाला घट्ट बसली असेल तर? आडवी पट्टी उभं वजन पेलते कशी, हा प्रश्न मला फार आवडतो. उत्तर आहे घर्षण. ताणलेली पट्टी शरीराभोवती वेढा घालते तेव्हा ती सगळीकडून आत दाबते. हा सगळा दाब एकत्र केला तर किती? पट्टीतला ताण गुणिले २π, म्हणजे जवळजवळ सव्वासहा पट. यात गंमत अशी की शरीर गोल असो की चपटं, घेर २८ इंच असो की ४०, तो आकडा बदलत नाही. पट्टीत ३ न्यूटन ताण असेल, म्हणजे ३०० ग्रॅम वजन टांगल्यावर येईल तेवढाच, तर बरगड्यांवर एकूण सुमारे १९ न्यूटन दाब पडतो. कापड आणि कातडीचा घर्षण गुणांक ०.४ धरला तर साडेसात न्यूटन वजन न घसरता तोलता येतं. आपल्याला हवे होते ६. खांद्यांवर काही पडायलाच नको! तीच पट्टी सैल होऊन ताण १ न्यूटनवर आला की घर्षण अडीच न्यूटनपर्यंत उतरतं. उरलेले साडेतीन जातात पट्ट्यांकडे, आणि चाकाच्या हिशोबानं खांद्यांवर ७ होऊन पडतात.

अजून एक पायरी. ताणलेली पट्टी वक्र पृष्ठभागावर किती दाब देते, याचं सूत्र लाप्लासच्या नावानं ओळखलं जातं: ताणाला वक्रतेच्या त्रिज्येनं आणि पट्टीच्या रुंदीनं भागायचं. खांद्याचा उंचवटा आखूड त्रिज्येचा, समजा ५ सेंटिमीटर, आणि पट्टा १ सेंटिमीटर रुंद. ३ न्यूटन ताणाला दाब येतो ६००० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे ४५ मिलिमीटर. बरगड्यांची त्रिज्या ११ सेंटिमीटर, पट्टी ३ सेंटिमीटर रुंद. ताण तोच, पण दाब जेमतेम ७ मिलिमीटर. कातडीतल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब साधारण १५ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. त्याहून जास्त दाब तासन्‌तास राहिला की काय होतं, ते संध्याकाळी खांद्यावर उमटलेल्या लाल खाचा सांगतात. पट्टा दुप्पट रुंद केला तर दाब निम्मा होतो, म्हणून जड अंगाच्या मुलीला रुंद पट्टे. पण मुळात भार बरगड्यांवर गेला तर तो प्रश्नच मोठा उरत नाही.

इथवर आलात तर दुकानात जायला हरकत नाही. बर्डी असो, इतवारी असो की गोकुळपेठ, हौजरीच्या बऱ्याच काउंटरवरचा संवाद ठरलेला. काउंटरपलीकडचे दादा मुलीकडे एक नजर टाकून "बत्तीस होईन, ताई" म्हणतात, मुलगी जमिनीत गडप व्हायला बघते, आणि आई म्हणते, "चौतीसच द्या, वाढत्या अंगाची बरी." फ्रॉकच्या बाबतीत हे शहाणपण चालतं. इथे मात्र वाढत्या अंगाची म्हणजे सैल पट्टीची, आणि सैल पट्टी म्हणजे वरचं सगळं गणित उलटं.

आकड्याचा अर्थ असा: अंक पट्टीचा, अक्षर कपाचं. अक्षर ठरतं ते छातीचा सर्वांत भरलेला घेर आणि पट्टीचं माप यांच्यातल्या फरकावरून. दर इंचाला साधारण एक अक्षर पुढे. म्हणून नुसतं "डी" म्हणजे भलंमोठं, ही समजूत फसवी आहे. ३० डी, ३२ सी आणि ३४ बी या तिन्हींच्या कपात सारखंच मावतं, फक्त पट्टी वाढत जाते. बारीक चणीच्या कितीतरी मुली ३० डी ऐवजी ३४ बी घालून फिरतात, कारण दुकानात अक्षरांचा पर्याय नसतो किंवा "डी" ऐकून आईच दचकते. ब्रा बदलली की मुलगी ताठ चालू लागते, त्यामागे बरेचदा एवढंच असतं.

माप घरीच घ्यावं, आणि मुलीनं स्वतः. दार लावून, पातळ बनियनवर, शिवणाच्या टेपनं. छातीच्या लगेच खाली टेप आडवी आणि नीट बसलेली, नंतर सर्वांत भरलेल्या भागावरून सैलसर. आईनं बाहेर थांबावं, आकडा विचारला तरी चालेल. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. काही जण खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवतात, काही मिळवत नाहीत, म्हणून पाकिटावरचे सेंटिमीटर वाचून घ्यावेत. घातल्यावर पारख सोपी आहे. मागची पट्टी पुढच्याइतक्याच उंचीवर आडवी राहायला हवी, तिच्याखाली दोन बोटं जावीत पण मूठ जाऊ नये, आणि हात वर केल्यावर ती जागची हलू नये. पट्टे क्षणभर खांद्यावरून उतरवून बघा. सगळा डोलारा खाली आला, तर पट्टी काम करत नाही. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल हुकावर बसली पाहिजे, कारण पुढे कापड ढिलं पडतं तेव्हा आतले हुक कामी येतात. वाढीच्या वयात दर तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा घ्यावं आणि एकदम अर्धा डझन घेऊ नयेत.

पांढऱ्या युनिफॉर्मखाली पांढरी ब्रा उठून दिसते आणि मुली त्यावर जाड शमीज चढवतात. खरं तर दिसतो तो कातडी आणि कापड यांच्या रंगातला फरक. आपल्या कातडीच्या जवळपासची छटा घेतली की प्रश्न मिटतो, आणि ४५ अंशांत एक थर कमी होतो.

धावण्याचं गणित वेगळं. रेशीमबागेच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी मुली पळत असतात. पळताना सेकंदाला पावणेतीन पावलं पडतात असं धरू, आणि प्रत्येक पावलाला स्तन छातीच्या सापेक्ष एकूण ८ सेंटिमीटर वरखाली होतात असंही. सरल आवर्त गतीच्या सूत्रानं त्वरण येतं सुमारे १२ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरण ९.८! म्हणजे दर पावलाला कातडी आणि कूपरचे पदर वजनाच्या दुपटीहून जास्त ओढ सोसतात. हालचाल निम्मी केली तर ते त्वरण निम्मं, स्पोर्ट्‌स ब्राचं काम एवढंच. तीही फार जुनी नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात १९७७ साली लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा श्रायबर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप (खेळताना आधारासाठी घालायचे लंगोटासारखे कपडे) एकत्र शिवून पहिला नमुना केला. ब्रिटनमध्ये पोर्टस्मथ विद्यापीठाच्या जोआना स्कर यांच्या गटानं २०१६ साली २०८९ शाळकरी मुलींची पाहणी प्रसिद्ध केली. स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर परिणाम होतो असं ४६ टक्के मुलींनी सांगितलं, आणि निम्म्याहून जास्त जणींनी खेळताना कधीच स्पोर्ट्‌स ब्रा घातलेली नव्हती. तेव्हा पीटीच्या तासाला दुखणाऱ्या पोटाला ओवा देण्याआधी हे एकदा विचारून बघावं.

शेवटी कापड. ताण टिकवतो तो इलॅस्टेन नावाचा धागा. १९५८ साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला. त्याच्या रेणूंत मऊ आणि कडक तुकडे आलटून पालटून असतात. मऊ तुकडे ताणले जातात आणि ओढ सुटली की परत आखडतात, कडक तुकडे त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतात. उकळतं पाणी, ब्लीच आणि इस्त्री यांनी हा धागा लवकर मरतो, म्हणून थंड पाण्यात हातानं धुवावी, पिळू नये. आणि एक घरगुती खोड मोडायला हवी: ब्रा टॉवेलखाली किंवा साडीखाली झाकून वाळत घालणं. मे महिन्यात नागपुरात तशीही ती तासाभरात वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र झाकलेलं कापड दिवसभर ओलसर राहतं, त्यात बुरशी पोसली जाते आणि छातीखालच्या घामेजल्या घडीत खाजरी लाली उठते. सावलीत, वारा लागेल अशा दोरीवर, उघडी वाळत घालावी. शेजारच्या काकू बघतील तर बघू देत, त्यांच्याही दोरीवर टॉवेलखाली तेच असतं.