प्रज्योत-दोष संरक्षण

घरातील वायरिंगमध्ये सैल जोड, पलंगाच्या पायाखाली चिरडलेली वायर किंवा आवरणात घुसलेला खिळा यांमुळे पेटणारी विद्युत् प्रज्योत (आर्क) ओळखून मंडल (सर्किट) तोडण्याची व्यवस्था. वायरमनच्या तोंडी या प्रज्योतीला ‘स्पार्किंग’ म्हणतात. मात्र स्विच दाबताना क्षणभर चमकणारी ठिणगी यात धरत नाहीत. हे काम करणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत एएफसीआय, तर युरोपात एएफडीडी म्हणतात.

घरांत त्याची सक्ती करण्यात अमेरिकेची नॅशनल इलेक्ट्रिकल कोड ही संहिता अग्रेसर ठरली. ती दर तीन वर्षांनी सुधारली जाते. राज्य वा शहर स्वीकारील तेव्हाच तिला कायद्याचे बळ येते, आणि स्वीकारताना कलमांत काटछाटही होते. सक्तीचे साल कोठे १९९९, कोठे २००२ असे दिलेले आढळते. कलम २१०.१२ हे १९९९ च्या आवृत्तीत आले, पण शयनगृहातील सॉकेटांना ते १ जानेवारी २००२ पासून लागू झाले. म्हणून दुसरे साल धरणे अधिक रास्त. २००२ च्या आवृत्तीने शयनगृहातील दिवेही त्यात आणले. २००८ मध्ये दिवाणखाना, जेवणघर, बोळ इत्यादींची आणि २०१४ मध्ये स्वयंपाकघर व धुलाईच्या जागेची भर पडली. नियम १२० व्होल्टच्या १५ व २० अँपिअर मंडलांसाठी होता; २०२३ मध्ये १० अँपिअरचीही मंडले त्यात आली. न्हाणीघर व गॅरेज या यादीत नाहीत.

समांतर प्रज्योत फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये पेटते आणि तिचा प्रवाह मोठा असतो. एकसर प्रज्योत एकाच तुटक्या तारेत पेटते. तिचा प्रवाह पुढच्या उपकरणाच्या भारापलीकडे जात नाही. त्यामुळे एमसीबीला (जादा प्रवाहावर मंडल तोडणाऱ्या स्विचला) त्यात वावगे काही दिसत नाही, आणि जमिनीकडे गळती नसल्याने आरसीसीबी (गळतीवर मंडल तोडणारा स्विच) हाही स्वस्थ राहतो. सुरुवातीची उपकरणे साधारण ७५ अँपिअरपासूनची समांतर प्रज्योत ओळखत. पुढे आलेल्या ‘कॉम्बिनेशन’ प्रकारावर ५ अँपिअर इतक्या कमी प्रवाहाचीही एकसर प्रज्योत पकडण्याची जबाबदारी आली. नावावरून अनेकांचा समज होतो तसे यात गळती-संरक्षण असतेच असे नाही. ‘कॉम्बिनेशन’ म्हणजे दोन्ही प्रकारच्या प्रज्योतींचा शोध.

खरा वाद या एकसर प्रज्योतीचाच आहे. पाशेनच्या नियमानुसार हवेतील फट ओलांडून प्रज्योत पेटण्यास किमान सुमारे ३२७ व्होल्ट लागतात. १२० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर मात्र सुमारे १७० व्होल्टच असते. म्हणजे केवळ फट पडून ती पेटणार नाही. भिडलेली टोके एकमेकांपासून ओढली जावी लागतात, किंवा जळक्या आवरणाची काजळी वाट करून देते. एएफसीआयसाठीच्या यूएल १६९९ या मानकातील एका चाचणीत दोरीवायरचे आवरण चिरून, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून, उच्च दाबाने ही काजळीची वाट मुद्दाम तयार करतात. टीकाकारांच्या मते घरातला सैल स्क्रू असा वागत नाही: तेथे तांब्याचा ऑक्साइड लाल होऊन धगधगतो, प्रवाहाचे रूप फारसे बदलत नाही, आणि एएफसीआयला ते कळत नाही. समर्थक या धगीने आवरण जळून पुढे उद्‌भवणाऱ्या प्रज्योतीकडे बोट दाखवतात. धगीबाबतचा आक्षेप वजनदार वाटतो. त्याने समांतर प्रज्योतीविरुद्धचा उपयोग मात्र खोटा ठरत नाही. निर्वात सफाईयंत्राच्या मोटारीतील ब्रशांची ठिणगी पाहून मंडल विनाकारण तुटते, ही रहिवाशांची तक्रार जुनीच आहे.

२३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट, म्हणजे पाशेनच्या उंबरठ्याशीच येते. एएफडीडीसाठी आयईसी ६२६०६ हे मानक २०१३ मध्ये निघाले. ब्रिटनमध्ये बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकाच्या २०२२ मधील दुरुस्तीने उंच निवासी इमारती, विद्यार्थी-निवास, वृद्धाश्रम अशा ठिकाणच्या ३२ अँपिअरपर्यंतच्या सॉकेट-मंडलांना एएफडीडी आवश्यक केले. अन्यत्र केवळ शिफारस आहे. भारतीय घरांच्या पेटीत एमसीबी व आरसीसीबी हीच जोडी रूढ आहे, आणि आगीच्या बातम्यांत प्रज्योतीचीही गणना ‘शॉर्टसर्किट’ या एकाच शब्दाखाली होते.