न्यायालयीन दस्तऐवज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता (भारत)

याचिका, कैफियती, साक्षी, निकालपत्रे इ. न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर, लेखन व छाननी यंत्रप्रणालींकडून करून घेण्याची पद्धत. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांपैकी ५३.५७ कोटी रुपये कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या तंत्रांसाठी आहेत.

हिचा आरंभ कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. न्यायाधीशांना प्रकरणातील तथ्ये शोधून देणारी प्रणाली हाच निकष मानल्यास तो ६ एप्रिल २०२१ ठरतो. त्या दिवशी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते ‘सुपेस’चे उद्‌घाटन झाले. ती मार्च २०२५ मध्येही प्रायोगिक अवस्थेतच होती. त्यामुळे प्रत्यक्ष वापरात आलेल्या ‘सुवास’ (सुप्रीम कोर्ट विधिक अनुवाद सॉफ्टवेअर) या प्रणालीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीपासून, आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रारंभी तिच्यात इंग्रजी व मराठीसह नऊ भारतीय भाषांमधील दुतर्फा भाषांतराची सोय होती.

भाषांतराची निकड संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे आहे. वरिष्ठ न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत, तर महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे बरेचसे कागद मराठीत. खरी अडचण संज्ञांची. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील करण्यास दिलेली परवानगी. यंत्राने तिची ‘सुट्टी मंजूर’ केल्याचे उदाहरण न्यायाधीशांनीच सांगितले आहे. उलट दिशेने ‘जबाब’ हा शब्द पाहावा: पोलिसांनी नोंदविलेला जबाब वेगळा आणि प्रतिवादीचा लेखी जबाब वेगळा. भाषा संचालनालयाच्या ‘न्यायव्यवहार कोशा’सारखी साधने येथे यंत्रालाही आवश्यक ठरतात. हस्तलिखित पंचनाम्यांचे वाचन त्याहून कठीण. भाषांतरित निकालपत्र पक्षकाराला समजण्यापुरतेच असते. अधिकृत पाठ इंग्रजीच.

घटनापीठापुढील तोंडी युक्तिवादाचे यंत्राद्वारे लेखन २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या सुनावणीत सुरू झाले. दाखल कागदपत्रांतील त्रुटी हेरणारी प्रणाली आय.आय.टी. मद्रासच्या सहकार्याने विकसित होत आहे.

केरळ उच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या धोरणानुसार जिल्हा न्यायालयांत निष्कर्ष वा निर्णयासाठी अशा साधनांचा वापर निषिद्ध आहे आणि यंत्राचे भाषांतर भाषांतरकाराने किंवा न्यायाधीशाने तपासणे बंधनकारक आहे.